गाव दुरावल्यावर उमटलेली चित्रे

महाराष्ट्रात शालेय विद्यार्थ्यांसाठी शासकीय रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या नावांनी घरोघरी माहीत असलेल्या या परीक्षांत ‘स्मरणचित्र’ हा एक विषय असतो. समोर वस्तू नाही, व्यक्ती नाही, छायाचित्रही नाही. केवळ आठवणीच्या आधाराने आठवडी बाजार, बसस्थानक, पोळा किंवा पाणवठा असा एखादा प्रसंग मानवाकृतींसह रंगवायचा, असे त्याचे स्वरूप असते. बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या तालुक्याच्या गावी सातवी-आठवीतल्या मुलाला जे काम वेळ लावून दिले जाते, तेच काम जगातील अनेक थोर चित्रकारांनी उतारवयापर्यंत केले आहे. लहानपणी जे छोटे गाव पाहिले आणि पुढे शिक्षणासाठी, पोटासाठी किंवा नशिबाने सोडावे लागले, ते गाव कॅनव्हासवर पुन्हा उभे करण्याची ओढ आधुनिक चित्रकलेत इतकी बळकट आहे की तिला एक स्वतंत्र प्रवाह मानण्यास हरकत नाही. मागे पडलेल्या काळात मनाने रमण्याच्या या वृत्तीला मराठीत स्मरणरंजन म्हटले जाते. मात्र या प्रवाहातील चांगली चित्रे केवळ रमत नाहीत, तर हरवलेल्या गोष्टीतले नेमके काय उरले आहे याचा काटेकोर शोध घेतात आणि तिथेच त्यांचे मोल आहे.

प्रत्यक्ष जागेवर बसून केलेले निसर्गचित्र आणि आठवणीतून केलेले चित्र यांत मूलभूत फरक आहे. जागेवरच्या चित्रात यथार्थदर्शनाचा नियम चालतो, म्हणजे जवळचे मोठे आणि दूरचे लहान दिसते. आठवणीतल्या चित्रात हा नियम आपोआप ढिला पडतो आणि वस्तूचा आकार तिच्या मनातल्या वजनावरून ठरतो. अमेरिकेच्या दक्षिण भागातील आर्कान्सा राज्यात, अर्ल नावाच्या लहानशा गावी १९१३ साली जन्मलेला कॅरोल क्लोर हा चित्रकार याचे उत्तम उदाहरण आहे. न्यूयॉर्कला शिकून, लॅटिन अमेरिकेत भटकून तो पुन्हा दक्षिणेत, मेम्फिस शहरात स्थायिक झाला आणि घरातले जुने छायाचित्रांचे अल्बम, ऐकलेल्या गोष्टी आणि स्वतःच्या आठवणी यांतून कापसाच्या मुलखातील आपले बालपण आयुष्यभर रंगवत राहिला. त्याच्या १९५५ च्या एका चित्राचे नावच ‘माझे वडील झाडाएवढे मोठे होते’ असे आहे, आणि चित्रातले वडील खरोखरच झाडाच्या उंचीचे आहेत. यथार्थदर्शनाच्या दृष्टीने ही चूक ठरेल, परंतु लहान मुलाच्या दृष्टीने पाहिले तर त्या रानात खरे माप दाखवणारी तेवढी एकच आकृती आहे. बीड जिल्हाही कापसाचा मुलूख असल्यामुळे हे चित्र येथील प्रेक्षकाला परके वाटण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रापुरता विचार केला, तर या प्रवाहाचे मूळ मुंबईत सापडते आणि त्या मुंबईत आलेली माणसे बहुतेक छोट्या गावांची होती, ही गोष्ट कलेच्या इतिहासात पुरेशी ठळकपणे मांडली जात नाही. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या पहिल्या सभासदांपैकी फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्यातील साळगावचे, सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्याच्या बाबरिया गावचे, हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे, के. एच. आरा सिकंदराबादजवळच्या बोलारमचे, तर मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे. युरोपातील आधुनिक चित्रभाषा आत्मसात करणारा हा गट शहरी आणि बंडखोर म्हणून ओळखला जातो, आणि ते खरेही आहे. पण त्या भाषेतून यांपैकी काही जणांनी पुढे जे सांगितले, त्याचा मोठा भाग लहानपणच्या गावाविषयी होता.

यांत हुसेन यांचे प्रकरण सर्वांत हृद्य आहे. १९१५ साली पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांची आई झैनब ते दोन वर्षांचे होण्याआधीच वारली. वडिलांनी दुसरा विवाह केला आणि कुटुंब इंदूरला गेले. आईचे एकही छायाचित्र घरात नव्हते, त्यामुळे तिचा चेहरा हुसेन यांना कधीच कळला नाही. त्यांच्या चित्रांतील असंख्य स्त्रियांना नाक-डोळे नाहीत, चेहऱ्याच्या जागी नुसता रंगाचा सपाट डाग आहे, याचा उगम स्वतः हुसेन यांनी या अभावात सांगितला आहे. १९८० च्या सुमारास सुरू झालेल्या त्यांच्या मदर तेरेसा चित्रमालिकेत हे सर्वांत स्पष्ट दिसते. निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीच्या घड्या, त्यांतून पुढे आलेले हात, मांडीवर मूल आणि पदराच्या आत जिथे चेहरा असायचा तिथे अंधार, एवढेच त्या चित्रांत असते. पण ती साडी रंगवताना डोळ्यांसमोर पंढरपूरकडची नऊवारी नेसलेली आई होती, हे कळल्यावर त्या रिकाम्या जागेचा अर्थ बदलतो. आठवण नसण्याचीच आठवण रंगवणे ही अवघड गोष्ट आहे. चेहरा कल्पनेने भरून काढणे हुसेन यांच्यासारख्या कसलेल्या चित्रकाराला कठीण नव्हते, परंतु तो मोह त्यांनी टाळला, आणि म्हणूनच त्या आकृतींवर विश्वास बसतो.

हुसेन यांच्या चित्रांत वारंवार येणारे कंदील, छत्री आणि घोडा हेदेखील बालपणाचेच अवशेष आहेत. त्यांचे आजोबा पत्र्याचे काम करीत आणि दिवे घडवीत; इंदूरच्या मोहरमच्या मिरवणुकीतील दुलदुल हा घोडा लहानग्या हुसेन यांनी पाहिला होता. १९६७ साली राजस्थानात केलेल्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ या लघुपटातही त्यांनी कंदील, छत्री अशा वस्तूंना जणू पात्रांसारखे वावरू दिले आणि त्या लघुपटाला बर्लिनच्या महोत्सवात गोल्डन बेअर मिळाले.

‘ग्राम यात्रा’ हे त्यांचे १९५४ चे चित्र तर या विषयाच्या दृष्टीने मुद्दाम निरखून पाहावे असे आहे. सुमारे चौदा फूट लांब आणि तीन फुटांपेक्षा कमी उंच अशा या आडव्या पटावर एकमेकांना लागून तेरा चौकटी आहेत, आणि प्रत्येक चौकटीत खेड्यातील जीवनाचा एकेक तुकडा आहे. स्वयंपाक, मुलाबाळांचे संगोपन, गाडीतून प्रवास, जनावरे, शेत असे प्रसंग त्यांत येतात, पण त्यांना बांधणारी कथा नाही. एका चौकटीतून दुसरीत नजर सरकते ती केवळ रंगांच्या आणि रेषांच्या ओघाने. बहुतेक चौकटी स्त्रियांनी भरलेल्या आहेत आणि शेतकरी पुरुषाची एक आकृती आपला हात शेजारच्या भूदृश्याच्या चौकटीपर्यंत पोहोचवते, जणू ती जमीन त्याने हातावर तोलून धरली आहे. चौकटी पाडून प्रसंग सांगण्याची रीत भारतीय लघुचित्रांत जुनीच आहे. आठवणही अशीच सुट्या चौकटींनी येते, सलग येत नाही, हे हुसेन यांनी येथे नेमके हेरले. त्याच वर्षी हे चित्र लिऑन एलियास व्होलोदार्स्की या डॉक्टरांनी विकत घेतले, पुढे ते नॉर्वेत ऑस्लोच्या रुग्णालयात अनेक दशके टांगलेले होते, आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात ते सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरना, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत कधीच आली नव्हती. किमतीची बातमी सर्वत्र झाली. चित्रात काय आहे याची चर्चा मात्र त्या मानाने फारच थोडी झाली.

रझा यांची वाट वेगळी. त्यांचे वडील वनखात्यात होते, त्यामुळे बालपण नर्मदेच्या आणि मंडल्याच्या जंगलाच्या सान्निध्यात गेले. ककैया येथील प्राथमिक शाळेत हा मुलगा अभ्यासात लक्ष देईना, तेव्हा नंदलाल झारिया या शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याला त्याकडे एकाग्रतेने पाहण्यास सांगितले, ही हकीकत रझा यांनी पुढे वारंवार नमूद केली. नागपूरच्या चित्रकला विद्यालयात आणि नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून १९५० साली ते फ्रान्सला गेले, तेथे त्यांना मोठी मान्यता मिळाली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी तो शाळेतला ठिपका ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला. बिंदूच्या या चित्रांत झाड नाही, घर नाही, बैलगाडी नाही; रात्रीच्या जंगलाचा गडद काळा, तांबड्या मातीचा दाह आणि मध्यभागी तो वर्तुळाकार बिंदू एवढ्यावर त्यांनी सारे गाव उभे केले. १९८१ साली रंगवलेल्या ‘माँ’ या चित्रात तर त्यांनी अशोक वाजपेयी यांच्या कवितेतील ओळ देवनागरी अक्षरांत थेट कॅनव्हासवर लिहिली. दूर देशी राहणाऱ्या मुलाने घरी धाडलेले पत्रच ते. जवळजवळ सहा दशके फ्रान्समध्ये काढून ते भारतात परतले आणि २०१६ साली निधनानंतर त्यांच्या इच्छेनुसार मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले.

गोव्यात व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी हाच विषय हसऱ्या रेषेत हाताळला. लोटली गावातील वाड्यात वाढलेला हा मुलगा भिंतींवर चित्रे काढतो, हे पाहून आईने त्याच्या हाती कोरी वही दिली. त्या वह्यांतून लिहिलेल्या-चितारलेल्या रोजनिश्यांत पाद्री, शेजारीपाजारी, लग्ने, मिरवणुका, गावातले कुत्रे असे सारे नोंदले गेले. मिरांडा यांचे गाव गजबजलेले असते, कारण त्यांच्याजवळ लहानपणीच केलेली टिपणे होती. हुसेन यांचे गाव विरळ असते, कारण त्यांच्याजवळ टिपणही नव्हते आणि छायाचित्रही नव्हते. साळगावच्या सूझा यांनी आपल्या बालपणातून चर्चची वास्तू, क्रूस आणि भय यांचा वारसा उचलला, आणि त्यात गोडव्याला जवळजवळ जागा ठेवली नाही.

बीडकरांना भूगोलाने आणि इतिहासाने जवळचा असलेला चित्रकार मात्र तेलंगणातला आहे. १९४२ साली करीमनगर जिल्ह्यातील बुरुगुपल्ली या खेड्यात थोटा वैकुंठम यांचा जन्म झाला, तेव्हा करीमनगर आणि बीड हे दोन्ही जिल्हे निजामाच्या एकाच हैदराबाद संस्थानात होते. वैकुंठम यांनी बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या शिक्षकाकडे शिक्षण घेतले आणि परत येऊन आपल्या खेड्यातील स्त्रिया हाच विषय धरला. सावळा वर्ण, भरदार बांधा, कपाळावर ठसठशीत कुंकू, लालभडक आणि पिवळ्याधमक साड्या, नाकात-कानांत दागिने अशा त्यांच्या बायका एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. आपल्या आईची आठवण आणि लहानपणी गावात येणाऱ्या फिरत्या नाटकमंडळींत स्त्रीवेश घेणारे पुरुष नट, हे त्यांनी आपल्या आकृतींचे उगम सांगितले आहेत. त्यांच्या चित्रांत सावली जवळजवळ नसते आणि मिश्र रंग फार थोडे असतात. बाजारात हळद, कुंकू आणि नीळ जशी दिसते तसा निखळ रंग ते वापरतात. ज्या स्त्रियांना शहरी चित्रकलेने बहुधा पार्श्वभूमीला ठेवले, त्यांना वैकुंठम यांनी चौकटभर मोठे केले.

या प्रवाहातील धोका इथूनच सुरू होतो. आठवणीतले खेडे बाजारात चांगले विकले जाते, त्यामुळे घागर, पदर, तुळशीवृंदावन आणि मावळता सूर्य यांची ठरावीक जुळणी करून गोड चित्र तयार करण्याची सवय दिनदर्शिका, शुभेच्छापत्रे आणि घरसजावट यांनी घट्ट केली. असल्या चित्रांत कुणाचेही विशिष्ट गाव नसते. त्यांतल्या विहिरीवर पाण्याची टंचाई कधी येत नाही आणि बायकांच्या तळव्यांना घट्टे पडलेले नसतात. कोणाची आठवण रंगवली जात आहे, हा प्रश्न अशा वेळी विचारावाच लागतो. क्लोरच्याच अमेरिकन दक्षिणेत, लुइझियाना राज्यातील मेलरोज मळ्यावर क्लेमेंटाइन हंटर नावाची कृष्णवर्णीय स्त्री कापूस वेचत आणि पुढे स्वयंपाकघरात राबत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पन्नाशी उलटल्यावर, मळ्यावर पाहुण्या आलेल्या चित्रकाराने मागे ठेवलेल्या रंगांनी तिने चित्रे काढायला सुरुवात केली आणि १९८८ साली शंभरी ओलांडून ती वारली तोवर हजारो चित्रे केली. कापूस वेचणी, धुणे, बाप्तिस्मा, लग्न आणि अंत्ययात्रा हे तिचे विषय. तिच्याही चित्रांत गतकाळाची ओढ आहे, पण त्या काळात कष्ट कोणाचे होते हे ती क्षणभरही विसरत नाही. दक्षिणेच्या बालपणाची आणि श्रमाची पूर्ण कल्पना यावी, तर क्लोर आणि हंटर या दोघांची चित्रे शेजारी-शेजारी ठेवावी लागतात.

महाराष्ट्रात आज या प्रवाहातले उल्लेखनीय नाव म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्याच्या शिरापूरचे शशिकांत धोत्रे. ते काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काम करतात. पांढऱ्या कागदावर उजेड आधीच असतो आणि चित्रकार सावली घालत जातो. काळ्या कागदावर अंधार आधीच असतो आणि प्रत्येक उजळ जागा पेन्सिलीच्या बारीक रेघांवर रेघा चढवून कमवावी लागते. धोत्रे यांच्या चित्रांतील खेड्यातल्या मुली आणि बायका अशा अंधारातून वर येतात. पातळाची चुणी, काठाची जर, बांगडीवरचा प्रकाश हे सारे इतक्या बारकाईने येते की पाहणारा आधी थक्क होतो, आणि त्या बाईच्या मनातले ओझे त्याच्या ध्यानात जरा उशिरा येते. कसब इतके डोळे दिपवणारे असले की आशय मागे राहण्याचा संभव असतो. पण त्यांच्या उत्तम चित्रांत भोवतालचा काळा अवकाश तो तोल सांभाळतो.

वडवणीच्या परिसराचे बालपण या सर्वांहून निराळे आहे, आणि म्हणूनच ते चित्रात येण्याची निकड मोठी आहे. बालाघाटच्या डोंगररांगांच्या कडेने वसलेले, बीड–परळी रस्त्यावरचे आणि १९९९ मध्ये तालुक्याचे ठिकाण झालेले हे गाव बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या पट्ट्यात येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांकडे निघतात आणि हंगामाचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणूनच मोजले जाते. लेकरे सोबत गेली तर पाचटाने शाकारलेल्या कोपीत राहतात. मागे राहिली तर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. अशा मुलांच्या वाट्याला दोन गावे येतात. एका गावाच्या घराला अर्धे वर्ष कुलूप असते, आणि दुसरे गाव दरवर्षी वेगळ्या फडात उभे राहून मोडले जाते. पहाटेच्या काळोखात फडाकडे निघालेली आई, वाढ्यांचे भारे, मोळ्या चढवताना ट्रकच्या दिव्यांत दिसणारे बापाचे पाय, बैलांच्या शेजारी अंथरलेली गोधडी ही त्या बालपणाची दृश्ये आहेत. त्यांत जत्रा, पोळा आणि सुट्टीतला धुडगूसही आहे, आणि तोही चित्रात यायला हवा, कारण नुसते दुःख रंगवणे हेही नुसता गोडवा रंगवण्याइतकेच अपुरे आहे.

अशा मुलांच्या हाती शाळेत स्मरणचित्राचा कागद येतो, तेव्हा मात्र अनेक ठिकाणी त्यांना बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तकांतली तयार चित्रे घोटून घ्यायला लावली जातात. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे ठरावीक भाजीवाली, ठरावीक छत्रीवाला आणि ठरावीक बैलगाडी पाठ करून उतरवण्याकडे कल जातो, आणि ज्या विषयाचे नावच स्मरण आहे त्यात विद्यार्थ्याचे स्वतःचे स्मरण तेवढे शिल्लक राहत नाही. हुसेन यांच्या कंदिलाला किंवा रझांच्या ठिपक्याला कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात जागा नव्हती.

वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील कलाशिक्षकांना म्हणून एवढीच विनंती करावीशी वाटते की, त्यांनी सरावाच्या तासाला निदान एक चित्र तरी पुस्तक मिटवून काढून घ्यावे, त्यात कोपी आली, कुलूप आले, ट्रक आला तरी ते चुकीचे मानू नये, मापे बिघडली म्हणून आई लहान करायला सांगू नये, आणि कागदाच्या मागे मुलाचे नाव, गाव व साल लिहून ती चित्रे वर्षअखेरीस रद्दीत न घालता शाळेच्या कपाटात जपून ठेवावीत.